एका तारेवर अनेक जाळी : स्विचमधील ‘ट्रंक’ जोडणी कशी ठरते?

‘ट्रंक कॉल’ हा शब्द आजच्या तरुण वाचकांना ऐकूनच माहीत असेल. पण त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांना तो चांगला आठवतो. परगावी फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजकडे नोंदणी करायची, मग ‘अर्जंट’ की ‘ऑर्डिनरी’ ते सांगायचे आणि तासन् तास वाट पाहायची. दोन शहरांच्या एक्स्चेंजना जोडणाऱ्या मोजक्या सामाईक तारांना ‘ट्रंक लाइन’ म्हणत. गावातील शेकडो दूरध्वनींची बोलणी त्याच तारांवरून पुढे जात असत. १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर या शहरांदरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि ग्राहक स्वतःच परगावचा क्रमांक फिरवू लागला. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथे लँडलाइन लावताना आजही ०२११४ हा संकेतांक वापरतात. त्यातील आरंभीचे शून्य म्हणजे ‘हा कॉल ट्रंकवर पाठवायचा आहे’ अशी खूण, आणि पुढचे अंक म्हणजे तो कोणत्या भागात जायचा आहे याची.

सामाईक तार आणि तिच्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवरची खूण, या दोन कल्पना संगणकाच्या जाळ्यांतही जशाच्या तशा आल्या. नावही ‘ट्रंक’ हेच राहिले. मावळातील एखादे रिसॉर्ट असो, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो की एखादे महाविद्यालय असो, तेथील जाळ्याचा कणा ही ट्रंक जोडणीच असते. ती कशी ठरते, तिच्यावरून जाणाऱ्या माहितीवर खूण कशी लावली जाते आणि हे काम यंत्रांवरच सोपवून दिले तर कोणता धोका संभवतो, याचा हा परिचय.

स्विच आणि ‘व्हीलॅन’

इमारतीतील संगणक, छपाईयंत्रे, कॅमेरे आणि वाय-फायची उपकरणे ज्या पेटीला तारांनी जोडलेली असतात, ती पेटी म्हणजे स्विच. अनेक दारे असलेला इथरनेट स्विच १९९० मध्ये प्रथम बाजारात आणला तो ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीने. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या पत्नीचे नाव त्यांनी कंपनीला दिले होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली.

स्विचकडे येणारी माहिती छोट्या छोट्या पुडक्यांच्या रूपात येते. या पुडक्याला ‘फ्रेम’ म्हणतात. प्रत्येक फ्रेमवर ती कोणाकडून आली व कोणाकडे जायची, हे दोन्ही पत्ते असतात. कोणत्या दाराशी कोणता पत्ता आहे हे स्विच आपल्या तक्त्यात नोंदवून ठेवतो आणि फ्रेम नेमक्या त्याच दाराने बाहेर सोडतो. मात्र काही फ्रेम ‘सर्वांसाठी’ असतात. त्या सगळ्या दारांनी बाहेर पडतात. एकाच जाळ्यात शेकडो उपकरणे असली की अशा सार्वत्रिक हाकांचा गोंगाट वाढतो. शिवाय, सारे एकाच जाळ्यात असल्याने कोणालाही कोणाच्याही उपकरणापर्यंत पोहोचता येते, ही त्याहून मोठी अडचण.

यावरचा उपाय म्हणजे ‘व्हीलॅन’, अर्थात आभासी स्थानिक जाळे. एकाच स्विचची दारे वेगवेगळ्या गटांत वाटली जातात आणि प्रत्येक गटाला क्रमांक दिला जातो. एका गटातील फ्रेम दुसऱ्या गटाच्या दाराने बाहेर पडत नाही. पेटी एकच, पण तिच्या पोटात भिंती उभ्या केल्यासारखे हे आहे.

ट्रंकची गरज कोठे पडते?

उदाहरणादाखल लोणावळ्यातील एका काल्पनिक रिसॉर्टचा विचार करू. मुख्य इमारतीत स्वागतकक्ष व हिशेब विभाग आहे. थोड्या अंतरावर खोल्यांची दुसरी इमारत आहे. जाळी तीन : पाहुण्यांच्या इंटरनेटसाठी व्हीलॅन १०, हिशेब व आरक्षणासाठी व्हीलॅन २० आणि सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ३०. प्रत्येक इमारतीत एक स्विच आहे आणि तिन्ही जाळी दोन्ही इमारतींत हवी आहेत.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक जाळ्यासाठी स्वतंत्र तार टाकणे. पण जाळी तीनची तेरा झाली तर तेरा तारा टाकाव्या लागतील आणि स्विचची निम्मी दारे त्यातच खर्ची पडतील. पावसाळ्यात लोणावळ्यात जमिनीखालून केबल टाकण्याचा खर्च व त्रास ज्याने सोसला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून दोन इमारतींमध्ये एकच तार टाकायची आणि तिच्यावरून तिन्ही जाळ्यांच्या फ्रेम पाठवायच्या. हीच ट्रंक. ज्या दाराला एकाच जाळ्याचे उपकरण जोडलेले असते ते ‘अ‍ॅक्सेस’ दार आणि ज्यावरून अनेक जाळी जातात ते ‘ट्रंक’ दार.

आता प्रश्न असा, की पलीकडच्या स्विचच्या हाती आलेली फ्रेम १० क्रमांकाच्या जाळ्यातील की २० क्रमांकाच्या, हे त्याला कळावे कसे? मूळ इथरनेट फ्रेमवर तसे लिहिण्यास जागाच नाही. म्हणून ट्रंकवर सोडताना फ्रेमवर खूण करावी लागते. या क्रियेला ‘एनकॅप्स्युलेशन’ म्हणजे आवेष्टन म्हणतात.

दोन पद्धती : रो-रो आणि फास्टॅग

आवेष्टनाच्या दोन पद्धती प्रचारात आल्या. त्यांतील फरक आपल्याकडच्या दोन परिचित उदाहरणांनी स्पष्ट होईल.

कोकण रेल्वेने १९९९ मध्ये ‘रो-रो’ सेवा सुरू केली. तीत मालाने भरलेला ट्रक जसाच्या तसा रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवतात व मुक्कामी पोहोचल्यावर उतरवून घेतात. ट्रकमध्ये काहीही बदल होत नाही. सिस्को कंपनीची ‘इंटर-स्विच लिंक’ म्हणजे ‘आयएसएल’ ही पद्धत या जातीची. मूळ फ्रेम न उघडता तिच्यापुढे २६ बाइटचे शीर्ष आणि मागे तपासणीसाठी ४ बाइटचे शेपूट जोडले जाते. जाळ्याचा क्रमांक त्या शीर्षात असतो. म्हणजे प्रत्येक फ्रेममागे ३० बाइटचे ओझे वाढते. १५१८ बाइटची सर्वांत मोठी फ्रेम १५४८ बाइटची होते.

दुसरी पद्धत मोटारीच्या काचेवर फास्टॅग चिकटवण्यासारखी आहे. वाहन तेच, रस्ता तोच. फक्त ओळखीची एक छोटी चिठ्ठी वाढली. ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘८०२.१क्यू’ हे मानक असे आहे. त्यात फ्रेमवरील दोन पत्त्यांनंतर ४ बाइटची चिठ्ठी, म्हणजे ‘टॅग’, घुसवली जाते. चिठ्ठीचा पहिला अर्धा भाग ‘येथे टॅग आहे’ एवढेच सांगतो. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ बिट प्राधान्यासाठी, १ बिट अन्य खुणेसाठी आणि १२ बिट जाळ्याच्या क्रमांकासाठी असतात. बारा बिटांत ४०९६ क्रमांक बसतात. त्यांतील पहिला व शेवटचा राखीव असल्याने वापरण्याजोगे ४०९४ उरतात. फ्रेमच्या पोटात बदल झाल्याने तिच्या शेवटी असलेली तपासणीची बेरीज नव्याने मांडावी लागते. सर्वांत मोठी फ्रेम आता १५२२ बाइटची होते.

लहान फ्रेमच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. आयएसएलमुळे तिच्यावर जवळजवळ ४७ टक्के भार वाढतो, तर ८०२.१क्यूमुळे सव्वासहा टक्के. त्यातच आयएसएल एकाच कंपनीची मालकीची पद्धत, तर ८०२.१क्यू सर्वांसाठी खुले मानक. साहजिकच आयएसएल मागे पडली आणि नव्या स्विचमधून ती हद्दपार झाल्यातच जमा आहे. जुन्या यंत्रणा सांभाळणाऱ्यांना मात्र तिची ओळख असणे अजूनही आवश्यक ठरते.

दोन्ही पद्धतींतील एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. हे आवेष्टन फक्त ट्रंकपुरतेच असते. बोरघाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून लावलेली बँकर इंजिने चढण संपताच काढून घेतली जातात आणि पुण्याच्या प्रवाशाला त्यांचा पत्ताही नसतो. तसेच पलीकडचा स्विच खूण वाचतो, ती काढून टाकतो आणि मूळ फ्रेम योग्य दाराने सोडतो. स्वागतकक्षातील संगणकाला ट्रंकची गंधवार्ताही नसते.

विनाचिठ्ठीचे जाळे

८०२.१क्यूमध्ये एक अपवाद ठेवलेला आहे. ट्रंकवरील एका जाळ्याच्या फ्रेम चिठ्ठीशिवाय पाठवता येतात. त्याला ‘नेटिव्ह व्हीलॅन’ म्हणतात आणि तो बदलला नाही तर त्याचा क्रमांक १ असतो. चिठ्ठी न समजणारी जुनी उपकरणे मध्ये असली तरी काम अडू नये, हा त्यामागील हेतू.

पण यासाठी दोन्ही टोकांनी तोच क्रमांक मानला पाहिजे. एका टोकाला नेटिव्ह १ आणि दुसऱ्या टोकाला नेटिव्ह २० असेल, तर एका इमारतीतील १ क्रमांकाच्या जाळ्याची फ्रेम दुसऱ्या इमारतीत २० क्रमांकात, म्हणजे थेट हिशेबाच्या जाळ्यात, शिरू शकते. सिस्कोचे स्विच अशी विसंगती आढळल्यास इशारा देतात आणि संबंधित जाळ्याची वाहतूक रोखूनही धरतात. पण वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच जोडलेले असतील तर हा पहारा मिळेलच असे नाही.

वाटाघाटी कशा होतात?

रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीत स्टेशनमास्तर स्वतःच्या मर्जीने गाडी पुढे सोडत नाही. तो पुढच्या स्थानकाकडे ‘लाइन क्लियर’ मागतो. तेथून होकार आला तरच सिग्नल पडतो. दोन स्विचही ट्रंक करायची की नाही हे असेच एकमेकांना विचारून ठरवू शकतात. त्यासाठी सिस्कोने ‘डायनॅमिक ट्रंकिंग प्रोटोकॉल’ म्हणजे ‘डीटीपी’ ही पद्धत तयार केली. या संदेशांतून प्रत्येक दार आपली इच्छा, आपल्याला येणाऱ्या आवेष्टनाच्या पद्धती आणि आपल्या व्यवस्थापन-क्षेत्राचे नाव पलीकडे कळवते. हे संदेश साधारणपणे दर ३० सेकंदांनी जातात. पाच मिनिटे पलीकडून काहीच आले नाही तर शेजाऱ्याविषयीची माहिती कालबाह्य मानली जाते.

दाराचे स्वभाव असे सांगता येतील :

• अ‍ॅक्सेस : मी ट्रंक होणार नाही, पलीकडचा काहीही म्हणो.

• ट्रंक : मी ट्रंकच आहे, तूही हो, असे पलीकडे कळवत राहीन.

• डायनॅमिक डिझायरेबल : मला ट्रंक व्हायचे आहे, तू तयार आहेस का?

• डायनॅमिक ऑटो : मी होऊन विचारणार नाही, पण तू विचारलेस तर होईन.

• ट्रंक व ‘नोनिगोशिएट’ : मी ट्रंक आहे, पण याविषयी एक शब्दही बोलणार नाही.

यातून निष्पत्ती सहज काढता येते. डिझायरेबलसमोर डिझायरेबल, ऑटो किंवा ट्रंक असेल तर ट्रंक तयार होते. ऑटोसमोर ट्रंक असेल तरीही होते. ऑटोसमोर ऑटो असेल तर मात्र लग्नाच्या बोलणीत दोन्हीकडच्यांनी ‘आधी त्यांनी विचारावे’ म्हणत बसावे तशी गत होते. दोघेही तयार असतात, पण कोणीच विचारत नाही. परिणामी दोन्ही दारे अ‍ॅक्सेसच राहतात. सर्वांत फसवी जोडी म्हणजे नोनिगोशिएट आणि ऑटो. एक टोक मुकाट्याने ट्रंक होते, दुसऱ्याला ते कळतच नाही आणि ते अ‍ॅक्सेस राहते.

आणखी एक अट अनेकदा नजरेतून सुटते. दोन्ही स्विचच्या व्यवस्थापन-क्षेत्राची नावे वेगळी असतील तर डीटीपीची बोलणी फिसकटतात. अशा वेळी दोन्ही दारे हाताने ट्रंक करणे हाच मार्ग.

आवेष्टनाचीही बोलणी

ज्या स्विचना आयएसएल व ८०२.१क्यू या दोन्ही पद्धती येतात, त्यांना ‘आवेष्टनही बोलून ठरवा’ असे सांगता येते. दोन्ही टोकांना दोन्ही पद्धती येत असतील तर कौल आयएसएलच्या बाजूने लागतो; एकाला फक्त ८०२.१क्यू येत असेल तर तीच ठरते. कॅटॅलिस्ट २९५० आणि २९६० या मालिकांना ८०२.१क्यूच येते, तर ३५५०, ३५६० आणि ३७५० या मालिकांना दोन्ही येतात.

नवख्या तंत्रज्ञाला अडखळायला लावणारी गोष्ट येथेच आहे. दोन्ही पद्धती येणाऱ्या स्विचवर थेट ‘हे दार ट्रंक कर’ अशी आज्ञा दिली की तो ती नाकारतो. कारण साधे आहे. दार कायमचे ट्रंक करायचे, पण खूण कोणत्या पद्धतीने करायची हे अजून अनिश्चित, असे चालत नाही. आधी ‘आवेष्टन ८०२.१क्यू’ अशी आज्ञा द्यायची आणि मग ‘ट्रंक’ अशी. २९६० वर हीच पहिली आज्ञा अस्तित्वातच नसते, कारण तेथे निवडीला वावच नाही.

दिवे हिरवे, काम बंद

आपल्या काल्पनिक रिसॉर्टकडे परत येऊ. तेथे इतकी वर्षे जुने ३५५० मालिकेचे स्विच होते. त्यांची दारे मुळातच ‘डिझायरेबल’ असत. त्यामुळे कोणी काही न करताही ट्रंक आपोआप होत असे. मग एका इमारतीतला स्विच बदलून २९६० बसवला. हा मुळात ‘ऑटो’. तरीही काम चालले, कारण पलीकडचा जुना स्विच विचारत होता. काही महिन्यांनी दुसराही बदलला आणि त्या दिवशी सारे ठप्प झाले. दोन्ही ऑटो, विचारणारा कोणी उरलाच नाही. दारांवरचे दिवे हिरवे, तार शाबूत, पण दोन्ही दारे १ क्रमांकाच्या जाळ्यात अ‍ॅक्सेस होऊन बसलेली. १०, २० आणि ३० या जाळ्यांची एकही फ्रेम पलीकडे जात नाही.

अशा वेळी केबल बदलणे, स्विच बंद-चालू करणे, इंटरनेट पुरवणाऱ्याला दोष देणे यात वेळ जातो. प्रत्यक्षात दोन्ही टोकांवर त्या दाराची सद्यस्थिती विचारली, की ‘ठरवलेला स्वभाव’ आणि ‘प्रत्यक्ष स्थिती’ अशा दोन ओळी समोर येतात. पहिलीत ‘डायनॅमिक ऑटो’ आणि दुसरीत ‘अ‍ॅक्सेस’ दिसले की निदान झाले.

खरा धोका

काम बंद पडणे ही गैरसोय आहे. पण ती निदान लगेच कळते. न कळणारा धोका याच्या नेमका उलट आहे, आणि तो म्हणजे जेथे ट्रंक व्हायला नको तेथे ती होणे.

खोलीतील भिंतीवर इंटरनेटसाठी एक खोबण आहे. तिची तार स्विचच्या ज्या दाराला जाते, ते दार ‘ऑटो’ स्वभावाचे आहे. एरवी तेथे पाहुण्याचा लॅपटॉप जोडला जातो आणि दार अ‍ॅक्सेस राहते. परंतु कोणी आपल्या लॅपटॉपवरून स्विच असल्याची बतावणी करून डीटीपीचा संदेश पाठवला, तर हे दार होकार देते आणि ट्रंक होते. मर्यादा घातली नसेल तर ट्रंकवर सर्व जाळ्यांना मुभा असते. म्हणजे खोलीत बसलेल्या माणसासमोर आरक्षणाचे आणि कॅमेऱ्यांचे जाळे उघडे पडते. व्हीलॅनच्या भिंती शाबूत असतात. पण त्यांना आतून दार ठेवलेले असते आणि ते ‘कोण आहे?’ न विचारता उघडते.

दुसरी युक्ती दुहेरी चिठ्ठीची. हल्लेखोर ज्या जाळ्यात आहे तेच ट्रंकचे नेटिव्ह जाळे असेल, तर तो फ्रेमवर एकावर एक दोन चिठ्ठ्या लावतो. पहिला स्विच वरची नेटिव्ह क्रमांकाची चिठ्ठी काढून फ्रेम पुढे सोडतो. दुसऱ्या स्विचला आतली चिठ्ठी दिसते आणि तो फ्रेम निषिद्ध जाळ्यात पोहोचवतो. ही वाट एकेरी आहे, उत्तर परत येत नाही. तरीही उपद्रवाला ती पुरेशी ठरू शकते.

बोरघाटातील रेल्वेची व्यवस्था या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या मार्गावर ३७ फुटांना एक फूट अशी चढण आहे. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर काय, हा प्रश्न तेथे पहिल्यापासूनचा. म्हणून ‘कॅच सायडिंग’ची योजना असते. सांधे मुळात चढत्या आडमार्गाच्या दिशेने लावलेले असतात. गाडी ठरलेल्या जागी थांबून आपण ताब्यात असल्याचे दाखवते, तेव्हाच मुख्य मार्ग मोकळा होतो. सुरक्षितता ही मूळ स्थिती, आणि मोकळा रस्ता हा तपासणीनंतरचा अपवाद. स्विचच्या दारांनाही हाच नियम लावायला हवा.

काय करावे?

• उपकरणांसाठीचे प्रत्येक दार हाताने ‘अ‍ॅक्सेस’ करावे. वापरात नसलेली दारे बंद करून त्यांना निरुपयोगी जाळ्यात टाकावे.

• दोन स्विचमधील दारे दोन्ही टोकांना हाताने ‘ट्रंक’ करावीत, आवेष्टन ८०२.१क्यू ठेवावे आणि मगच ‘नोनिगोशिएट’ लावून बोलणी बंद करावीत.

• ट्रंकवर जी जाळी खरोखर हवीत, तेवढ्यांनाच परवानगी द्यावी.

• नेटिव्ह क्रमांक दोन्हीकडे सारखा, १ सोडून दुसरा आणि कोणत्याही उपकरणाला न दिलेला असावा.

• स्विच बदलण्यापूर्वी जुन्या दारांची ‘प्रत्यक्ष स्थिती’ लिहून ठेवावी. केवळ ‘ठरवलेला स्वभाव’ पाहून विसंबू नये.

डीटीपी ही सिस्कोची खासगी भाषा असल्याने अन्य कंपन्यांच्या स्विचशी जोडणी करताना ट्रंक हाताने ठरवणे भागच असते. मोठ्या जाळ्यांत आता कल्पनेचा विस्तार पुढे गेला आहे. सेवा पुरवठादार २००५ च्या ‘८०२.१एडी’ मानकानुसार ग्राहकाच्या चिठ्ठीवर आपली दुसरी चिठ्ठी लावतात. डेटा सेंटरना ४०९४ क्रमांक अपुरे पडू लागल्यावर २०१४ मध्ये ‘व्हीएक्सलॅन’ची पद्धत प्रसिद्ध झाली, तीत २४ बिटांचा क्रमांक असल्याने १ कोटी ६७ लाखांहून अधिक जाळी मांडता येतात. गंमत म्हणजे, या पद्धतीत मूळ फ्रेम पुन्हा सबंध आवेष्टनात बसवली जाते. चिठ्ठीने मागे टाकलेली ‘रो-रो’ची कल्पना अशी नव्या रूपात परतली आहे.

हॉटेलचालक, कारखान्याचे व्यवस्थापक किंवा गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी यांनी हे सारे स्वतः करावे अशी अपेक्षा नाही. परंतु जाळे बसवून देणाऱ्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ‘भिंतीवरच्या खोबणीची दारे अ‍ॅक्सेस म्हणून पक्की केली आहेत का?’ आणि ‘ट्रंकवर कोणती जाळी सोडली आहेत, ते लिहून द्याल का?’ या दोन उत्तरांचा कागद स्विचच्या कपाटात चिकटवलेला असेल, तर पुढे स्विच बदलणाऱ्या तंत्रज्ञाचे काम सोपे होते आणि पाहुण्याची तार पाहुण्यापुरतीच राहते.